क्वार्टरबॅक जोखावा कसा? नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

अमेरिकेत येऊन तुम्हाला दोन-चार वर्षं झाली असतील, तर जुलैचा शेवटचा आठवडा एव्हाना ओळखीचा झाला असेल. ज्या सहकाऱ्यांशी तुमचं बोलणं हवापाण्यापलीकडे कधी गेलं नाही, ते अचानक कुणा बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या पायांबद्दल काळजीनं बोलू लागतात. पाय दुखावलेला नसतो. चेंडू फेकताना पाऊल नेमकं कुठे पडतं, एवढीच काळजी असते. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या ३२ संघांचे ट्रेनिंग कॅम्प सुरू झालेले असतात आणि त्यांतल्या काही संघांकडे असा एक तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, हमखास असतो, ज्याच्यासाठी भरभक्कम किंमत मोजलेली आहे आणि ज्याचा खेळ अजून काही बसलेला नाही. तो सुधारला का, हे सप्टेंबरात सामने सुरू झाले की शेंबड्या पोरालाही कळेल. आपल्याला ते ऑगस्टमध्ये, चहाच्या टेबलाशी, ठामपणे सांगायचं आहे.

त्यासाठी सर्वांत आधी मत ठरवून टाका. कॅम्प बघून मत बनवायचं असतं, ही नवशिक्यांची भाबडी समजूत. मत आधीच पक्कं असलं की मैदानावर जे काही घडेल ते पुरावा म्हणून कामी येतं. लांबचा पास झेलला गेला? तुम्ही समर्थक असाल तर म्हणा, 'हात बघा पोराचा.' विरोधक असाल तर म्हणा, 'झेलणाऱ्यानं वाचवलं.' चेंडू समोरच्या बाजूच्या हातात गेला, म्हणजे इंटरसेप्शन झालं, तर समर्थकानं जराही विचलित होऊ नये. 'सरावात धोका पत्करायचाच असतो, तो आपली मर्यादा तपासून बघतोय,' हे वाक्य पाठ करा आणि लगेच पॅट्रिक महोम्सचं नाव घ्या.

महोम्सचा दाखला खरा आहे, म्हणून तर इतका चालतो. २०१८च्या उन्हाळ्यात मिझुरीतल्या सेंट जोसेफला कॅन्सस सिटी चीफ्सच्या कॅम्पमध्ये त्याच्या इंटरसेप्शनची बरीच चर्चा झाली. त्या मोसमात त्यानं ५० टचडाउन पास फेकले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हापासून कॅम्पमध्ये ज्या कुणाचा चेंडू भलत्याच हातात गेला, त्याच्या चाहत्यांनी महोम्सला साक्षीला बोलावलं आहे. ज्यांनी सरावात इंटरसेप्शन फेकले आणि पुढे सामन्यांतही फेकतच राहिले, त्यांची यादी याहून कितीतरी लांब आहे. पण तिच्यातलं एकही नाव कुणाच्या लक्षात नसतं, त्यामुळे वादात ती आडवी येत नाही.

मत पक्कं झालं की कॅम्पला जायला हरकत नाही. इंडियानापोलिस कोल्ट्सचा कॅम्प घेऊ. तो शहराच्या उत्तरेला वेस्टफील्डच्या ग्रँड पार्कमध्ये भरतो. ऊन कडक असतं, टोपी न्या. मैदानात नव्वदेक खेळाडू दिसतील. मोसम सुरू होईतो त्यांतले ५३ उरतील. क्वार्टरबॅक ओळखणं सोपं: त्याची जर्सी इतरांहून वेगळ्या रंगाची असते, बहुतेक संघांत लाल. तिचा अर्थ असा, की याला कुणी हात लावायचा नाही.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गंमत या जर्सीत आहे. सामन्यात क्वार्टरबॅकला चेंडू हाती आल्यापासून साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्यानं मागे सरकायचं, पहिला झेलणारा मोकळा आहे का बघायचं, नसेल तर दुसरा, मग तिसरा, आणि हे चालू असताना सव्वाशे-दीडशे किलोंची चार-पाच माणसं त्याला जमिनीवर आपटायला धावत असतात. धडपडणाऱ्या तरुण क्वार्टरबॅकचं नेमकं इथेच बिनसतं. धाडधाड येणारी पावलं ऐकू आली की नजर झेलणाऱ्यांवरून खाली येते, पाय नाचू लागतात आणि फेक वाकडी जाते. कॅम्पमध्ये ही पावलंच काढून टाकलेली असतात. सात विरुद्ध सातच्या सरावात तर धावून येणारी फळीच नसते. अकरा विरुद्ध अकराच्या सरावात ती असते, पण क्वार्टरबॅकपर्यंत पोचलेला गडी सभ्यपणे बाजूनं निघून जातो. मग क्वार्टरबॅक निवांत चेंडू फेकतो, चाळीस यार्डांवर कुणीतरी तो झेलतो, पोरंटोरं टाळ्या वाजवतात आणि दोराआडचा वार्ताहर वहीत 'यशस्वी पास' लिहितो. सामन्यात हाच मुलगा दोन सेकंदांपूर्वी पाठीवर पडलेला असता. वेगवान गोलंदाजाला चेंडू अंगावर टाकायची बंदी घालून फलंदाजाची छाती मोजावी, तसला हा प्रकार.

तुम्ही मात्र हे मनात आणू नका. आणलंत तर कॅम्पबद्दल बोलायला काही उरणार नाही.

आता आकडे. सामन्यांत अचूक पासांचं प्रमाण मोजतात आणि हल्ली ६०च्या खाली गेलेल्या क्वार्टरबॅककडे संशयानं बघतात. कोल्ट्सच्या अँथनी रिचर्डसनचं २०२४चं प्रमाण ४७.७ टक्के होतं. समर्थकांनी इथे जॉश ॲलनचं नाव घ्यावं. बफेलोच्या या क्वार्टरबॅकचं प्रमाण २०१८मध्ये ५२.८ होतं, पुढच्या वर्षी ५८.८ आणि २०२०मध्ये एकदम ६९.२. दाखला पुन्हा खराच. फक्त एक गोष्ट सांगत बसू नका: २०२०च्या उन्हाळ्यात कोविडमुळे प्रीसीझनचा, म्हणजे मोसमाआधीच्या सराव सामन्यांपैकी, एकही सामना झाला नाही. ॲलनची सर्वांत मोठी झेप, जोखायला जेव्हा सर्वांत कमी संधी होती, त्याच उन्हाळ्यानंतरची आहे.

किमतीवरूनही अंदाज बांधू नये म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोनं २०२१मध्ये ट्रे लान्सला घेण्यासाठी ड्राफ्टमधल्या, म्हणजे कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीनं निवडायच्या सोहळ्यातल्या, पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या. पुढच्या वर्षी त्यांनीच ड्राफ्टमधली अगदी शेवटची, २६२वी, निवड वापरून ब्रॉक पर्डीला घेतलं आणि तोच त्यांचा क्वार्टरबॅक झाला. लान्सला २०२३च्या ऑगस्टमध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला देऊन टाकलं.

एवढं वाचूनही खरंच काही बघायचं असेल, तर झेललेले पास मोजू नका. तो पहिल्या फळीसोबत, म्हणजे सामन्यात सुरुवातीला उतरणाऱ्या खेळाडूंसोबत, किती वेळ उभा राहतो, ते बघा. चेंडू हातात येण्याआधी समोरची मांडणी बघून तो आपल्या माणसांना हातवारे करून हलवतो का, तेही बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे संघानं मार्चमध्ये कुणाला पैसे दिले, ते. कोचचं बोलणं यात धरू नये. जुलैत प्रत्येक कोचचा प्रत्येक क्वार्टरबॅक 'फार छान प्रगती करतोय'.

रिचर्डसनचं घ्या. २०२३च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर त्याला उचललं, तेव्हा तो अवघा २० वर्षांचा होता आणि कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले त्याचे सामने होते फक्त १३. ताकद, वेग, उडी, सगळं डोळे दिपवणारं. कमी होती ती सामन्यांतल्या मुरण्याची, आणि ती कॅम्पमध्ये भरून निघत नाही. पहिल्याच मोसमात चार सामन्यांनंतर खांद्याची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे मुरणं आणखी लांबलं. माझं मत विचाराल तर त्या मुलाला घाईनं उभं केलं गेलं आणि मग त्याच घाईनं तोललंही गेलं. २०२५च्या मार्चमध्ये कोल्ट्सनी डॅनियल जोन्सला वर्षभरासाठी एक कोटी चाळीस लाख डॉलरांवर आणलं. खरी बातमी ती होती. कॅम्पभर दोघांना पहिल्या फळीसोबत आलटून पालटून दिवस दिले गेले आणि आज कोण सरस, याचा रोजचा हिशेब मांडला गेला.

मग ७ ऑगस्टला बाल्टिमोरला प्रीसीझनचा पहिला सामना झाला. तिथे हात न लावण्याची जर्सी नव्हती. समोरचा एक गडी कुणीच न अडवल्यामुळे मोकळा सुटला, त्यानं रिचर्डसनला पाडलं, करंगळी निखळली आणि त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला. १९ ऑगस्टला कोच शेन स्टायकेननं जोन्सचं नाव जाहीर केलं. ज्यांनी जुलैत जोन्स म्हटलं होतं त्यांनी 'आम्ही सांगितलंच होतं' म्हटलं. पहिल्या दहापैकी आठ सामने जिंकल्यावर तर त्यांचा आवाज आणखी चढला.

तुम्हीही त्यांच्यात असाल तर अभिनंदन. तरी कॅम्पवरून डिसेंबरचा अंदाज सांगण्याआधी पुढचं ऐकून ठेवा. ऑक्टोबरात सामन्याआधी व्यायामाचा रबरी पट्टा तोंडावर बसून रिचर्डसनच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. ७ डिसेंबरला जॅक्सनव्हिलला जोन्सच्या टाचेची शीर तुटली. आठवड्याभरानं, १४ डिसेंबरला, सिॲटलमध्ये कोल्ट्सचा क्वार्टरबॅक म्हणून उतरला फिलिप रिव्हर्स: वय ४४, आधीचा सामना जानेवारी २०२१मधला, मधली वर्षं अलाबामात शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवण्यात गेलेली. कोल्ट्स दोनच गुणांनी हरले, १८-१६. वेस्टफील्डच्या कॅम्पमध्ये त्या उन्हाळ्यात रिव्हर्सचा खेळ कुणीही जोखला नव्हता, कारण तो तिथे नव्हताच.