खाणीचा मृत्युदाखला

कोळसा खाणी बंद करण्याचा विक्रम आदिलाबाद जिल्ह्याच्या नावावर लावायला हरकत नाही. 11 ऑक्टोबर 2016 रोजी, ऐन दसऱ्याला, इथल्या झाडून सगळ्या कोळसा खाणी एका दिवसात नाहीशा झाल्या. एक वीट पडली नाही, एक खड्डा बुजला नाही. तेलंगणा सरकारने जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले. बेल्लमपल्ली, मंदमर्री, श्रीरामपूर मंचेरियालच्या पदरात पडले, गोलेटीकडच्या खाणी आसिफाबादला गेल्या आणि उरलेला आदिलाबाद हात झटकून मोकळा झाला. उपाय तसा जुनाच. सास्तीच्या खाणीसकट राजुरा तालुका 1956 पर्यंत आदिलाबादेतच होता, मग नांदेडची हवा खाऊन 1959 मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आला. खाण जागची हलली नाही, फायली तेवढ्या हलल्या.

बाकीच्या खाणींना सीमारेषेचं हे भाग्य नाही, त्यांना रीतसर मरावं लागतं. त्याची रीत केंद्रीय कोळसा मंत्रालयाने ऑगस्ट 2009 मध्ये घालून दिली. कंपनीने खुल्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख आणि भूमिगत खाणीसाठी 1 लाख या तेव्हाच्या दराने एस्क्रो खात्यात पैसे साठवायचे. कोळसा संपला की कचेऱ्या, क्वार्टर, कार्यशाळा पाडायच्या, मातीचे डोंगर उतरवून खड्ड्यात लोटायचे, वर झाडं लावायची आणि तीन वर्षं हवा-पाणी तपासायचं. एवढं झाल्यावर कोळसा नियंत्रक खाण बंद झाल्याचा दाखला देणार. पहिले दाखले निघायला 2025 साल उजाडलं. ते मिळाले नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सला (वेकोलि), बैतूल जिल्ह्यातल्या पाथाखेड्याच्या दोन आणि सातपुड्याच्या एका खाणीसाठी. मधल्या सोळा वर्षांत देशात एकही खाण कागदोपत्री मेली नाही. माणूस दाखल्याविना गेला तर वारस तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. खाण दाखल्याविना गेली तर कंपनीचं काहीच अडत नाही, अडतो तो जमिनीचा जुना पट्टादार.

हा आळस नाही, चोख हिशेब आहे. काम थांबलेल्या खाणीला एक चौकीदार आणि एक कुलूप पुरतं. बंद झालेल्या खाणीला बुलडोझर, डिझेल, माती, रोपं आणि तपासनीस लागतात. शिवाय आशा अमर असते. मे 2022 मध्ये कोल इंडियाने थांबलेल्या वीसेक खाणी उत्पन्नातल्या वाट्यावर खासगी कंपन्यांपुढे ठेवल्या. उद्या पुन्हा विकता येईल त्या मालाचा आज दहावा कोण घालेल? पाडापाडीचा क्रमही याच हिशेबाने लागतो. पंखा, रूळ, केबल, पंप, हॉलेजचं दोरखंड हे भंगाराच्या भावाने आधी उठतं. विटा-सिमेंटला भाव नाही, म्हणून ते काम पावसाळ्यावर सोपवलेलं असतं.

यावर कोणी म्हणेल, त्या क्वार्टरांत आणि आजूबाजूला माणसं राहतात, पाडून त्यांना कुठे घालवणार? आक्षेप खरा आहे. पाडूच नये. सिंगरेणी या तेलंगणातल्या सरकारी कोळसा कंपनीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या घरांना तेलंगणा सरकारने पट्टे दिलेही, आणि बरं केलं. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. कंपनीने धरलेली जमीन माणसाच्या नावावर करता येते, त्यासाठी आभाळ कोसळत नाही. मग घराखालची जमीन देता येते आणि शेताखालची येत नाही, हे कसं? याचं एकच शास्त्रीय कारण संभवतं. घरामागे चार-पाच मतं असतात, ज्वारीच्या धांड्याला मत नसतं.

दुसरा आक्षेप हिरवा आहे. ढिगाऱ्यांवर जंगल उभं राहिलं, खड्ड्यांत तलाव झाले, आता तक्रार कसली? सिंगरेणी झाडं लावते, हे खरं. पण तिच्या खुल्या खाणींत टनभर कोळशासाठी पाच-सहा घनमीटर माती-दगड उकरावा लागतो, आणि सुरुवातीच्या वर्षांचा उकर खाणीबाहेरच डोंगर होऊन बसतो. तो परत आत लोटणं हे या कामातलं सर्वांत महागडं कलम. म्हणून डोंगर डोंगर राहतो आणि शेवटचा खड्डा तलाव म्हणून बढती मिळवतो. त्या तलावाभोवती बुटकीशी दगडी भिंत घालायची. एवढ्या भिंतीवर शेळी सहज उडी मारते, गुराखी टेकून विडी ओढतो. भूमिगत खाणीला तर भिंतीचाही उपयोग नाही, तिथे धोका पायाखाली असतो. ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूरच्या घुग्घुसमध्ये जुन्या भूमिगत खाणीवरचं एक राहतं घर क्षणात जमिनीत गडप झालं. पाडापाडीचा खर्च मात्र वाचला.

राहता राहिलं जमीन परत करणं. एप्रिल 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतलेल्या आणि आता कोळशाच्या उपयोगाच्या न उरलेल्या जमिनींचं काय करायचं ते ठरवलं. वीज प्रकल्प, कोळसा धुण्याचे कारखाने, सौरऊर्जा, इस्पितळ, सगळं चालेल. मालकी मात्र सरकारी कंपनीचीच राहील, बाकीच्यांना भाडेपट्टा. ज्याच्याकडून घेतली त्याच्या नावावर परत, एवढी एक नोंद त्या यादीत नाही. यावर उपाय सोपा आहे. कोळसा थांबल्याच्या दिवसापासून दाखला हातात पडेपर्यंत कंपनीने जुन्या पट्टादाराला दरसाल पिकाइतकं भाडं मोजावं. मग चौकीदार-कुलूप महाग पडेल, बुलडोझर स्वस्त वाटू लागेल आणि कोळसा नियंत्रकाच्या दारात दाखल्यासाठी रांग लागेल. अडचण एवढीच की हा नियम करायचा आहे नवे खड्डे मंजूर करणाऱ्या मंत्रालयाने.