थकबाकी-निवारण व्रत : नवशिक्यांसाठी सोपा विधी

व्रत कोणी करावे : दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरून आपण क्रेडिट कार्ड फेडतोय, असे ज्याला वाटले त्याने. समजा थकबाकी एक लाख. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ३,५००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ६३०. भरले ५,०००, मुद्दल उतरले ८७० रुपयांनी. तेवढ्याची मिसळ त्याच कार्डावर खाऊन झालेली असते.

मुहूर्त : सलग ९० दिवस थकले की खाते एनपीए होते, बँकेला तुमची खरी आठवण येते आणि कमी रकमेत सेटलमेंटची बोलणी सुरू होतात. मुहूर्तासाठी मुद्दाम थकवू नये. नोकरी गेल्याचे पत्र, दवाखान्याची बिले जवळ ठेवावीत. मार्चअखेर उत्तम, टार्गेट समोरच्यालाही असते.

यमनियम : वसुलीचा फोन सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी करण्यासही मनाई आहे. वसुलीवाला "उद्या पोलीस घेऊन येतो" म्हणाल्यास चहा किती कप टाकू, ते विचारावे. नुसते पैसे थकणे ही दिवाणी बाब आहे. मात्र पुढच्या तारखेचा चेक देऊ नये. तो वटला नाही तर कलम १३८, आणि ते फौजदारी.

मुख्य विधी : कोथिंबिरीच्या जुडीसाठी मंडईत घासाघीस करणारी जीभ इथे टाळूला चिकटते. सराव करावा.

"सर, एक पस्तीस आउटस्टँडिंग आहे. तुमच्यासाठी एक दहा करतो."

"साठ आहेत. तेही मेव्हण्याकडून घेतोय."

"साठ सिस्टीम घेत नाही, सर."

इथे गप्प बसावे. सिस्टीमचा उपवास अठ्ठावीस तारखेला सुटण्याचा संभव असतो. "सर, सत्तरला घेतेय. आजच भरा."

आज भरू नये.

उद्यापन : आधी बँकेचे पत्र, मग पैसे. पत्रात कार्ड क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि 'फुल अँड फायनल' हे शब्द असावेत. पत्र खरे आहे ना, ते बँकेत विचारून घ्यावे. पैसे कार्डाच्या खात्यातच भरावेत. फोनवरच्या गोड माणसाच्या यूपीआयवर टाकल्यास ते दान समजावे. शेवटी नो ड्यूज सर्टिफिकेट घेऊन फाइलला लावावे.

फलश्रुती : पासष्ट हजार सुटतात. पण सिबिलच्या अहवालात 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' येते आणि वर्षानुवर्षे तिथेच मुक्काम करते. गृहकर्जाचा अधिकारी नेमका तेवढाच शब्द वाचतो. म्हणून पूर्ण फेडणे जमत असेल, तर या व्रताच्या वाटेला जाऊ नये.

विशेष सूचना : मेव्हण्याचे साठ हजार उरतातच. त्याला संध्याकाळी सातचा नियम लागू नाही आणि तिथे सेटलमेंट बायको करते.