कूलर बंद करा!

गाणं ऐकणारे गावोगाव असतात. गाणं तपासणारा मात्र तालुक्याला एखादाच. कारंजा लाडमध्ये तो मान आमच्या शेजारच्या सरांचा. शाळेतून निवृत्त, विषय भूमिती, वावर ठोक्यानं दिलेलं, मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. गाव त्यांना कानसेन म्हणतं आणि सरांना ते कौतुक वाटतं.

सरांच्या बैठकीत एका बाजूला सीडी प्लेअर आणि दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर आहे. मधल्या खुर्चीत सर बसतात. गेली कित्येक वर्षं त्यांच्यापुढे एकच प्रश्न आहे: घरात गाणं ऐकायचं ते कशावर? दोघांपैकी एक ठेवायचा आणि दुसरा काढायचा, हे नक्की झालं आहे. कोणता, एवढंच राहिलंय.

प्लेअर १९९८चा. त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून वाशिम वेगळा जिल्हा निघाला. सर या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात, त्यामुळे नवख्याला वाटतं, जिल्हा प्लेअरसोबत फुकट मिळाला असावा. सोनी आणि फिलिप्सनं सीडी बाजारात आणली १९८२ साली. सरांच्या घरी पोचायला तिला सोळा वर्षं लागली. सीडीतला आवाजही सोळाच बिटांचा. हा निव्वळ योगायोग आहे असं सरांच्या तोंडावर म्हणायची हिंमत अजून कोणी केलेली नाही. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं, प्रत्येक माप सोळा बिटांचं, डावं वेगळं, उजवं वेगळं. झाले सेकंदाला १४,११,२०० बिट. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलात तर वरण येईपर्यंत एवढं तुमचंही पाठ होतं.

मग मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी घरात कॉम्प्युटर आला. त्याच सुमारास बसस्टँडवर एकेका तबकडीत दीडशे गाणी मिळू लागली. एमपी३! सरांनी तिथंच उभ्या उभ्या भागाकार केला. १२८ किलोबिट म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्शाइतकंच. "अकरा पोळ्यांतल्या दहा उचलून नेल्या, अन् वरून म्हणतात जेवण झालं!" मुलानं समजावून पाहिलं की एमपी३ कानाला जाणवत नाही तेवढंच आधी काढून टाकतं, मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज कान तसाही पकडत नाही.

"कोणाचा कान?" सरांनी विचारलं.

ते दिवस सुखाचे होते. शत्रू कोण, हे ठरलेलं होतं. पण पुढं पोरानं सगळ्या सीड्या फ्लॅकमध्ये उतरवून दिल्या. यात फाइल लहान होते, पण काहीच टाकलं जात नाही; वाजवताना बिट न बिट परत मिळतो. सरांचा भागाकार एका रात्रीत निकामी झाला. तेव्हापासून ते मधल्या खुर्चीत आहेत.

दोन्ही पक्षांविरुद्ध सरांकडे भरपूर पुरावा आहे. प्लेअरचा ट्रे वरून टपली मारल्याशिवाय उघडत नाही. कापसाच्या हंगामात हवेतले तंतू लेन्सवर बसतात, मग सर तोच कापूस स्पिरिटमध्ये बुडवून लेन्स पुसतात. नवी लेन्स मिळत नाही. पूर्वी प्लेअर उघडणारा कारागीर आता मोबाइलची कव्हरं विकतो. कॉम्प्युटरची तऱ्हा वेगळी. विलंबित ख्याल समेवर येतोय न येतोय तोच कोपऱ्यातून 'टिंग' होतं, आणि अँटिव्हायरसची मुदत संपल्याची बातमी येते. माउस हलवला की स्पीकरमध्ये बारीक चिरचिर. ती जावी म्हणून सरांनी डॅक नावाची डबी मागवली, जी आकड्यांचा आवाज मशीनच्या बाहेर तयार करते. सोयाबीनच्या पैशातून. ही डबी काय करते ते वहिनींना अजून कळलेलं नाही, आणि डबीत काही ठेवता येत नाही यावर त्यांचा राग आहे. शिवाय वीज गेली की घर इन्व्हर्टरवर जातं. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. तो चालू झाला की अँप्लिफायर असा गुणगुणतो की रागाचा षड्ज कोणता आणि महावितरणचा कोणता, हे ठरवायला सरही थांबतात.

पण सरांचा खरा वैरी तिसराच. सोळा बिटांत बारीकात बारीक आवाजापासून मोठ्यात मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलचं अंतर मावतं. आणि विदर्भात मार्चअखेरपासून मृगापर्यंत घरोघर पत्र्याचा कूलर चालतो. त्या ९६ पैकी खालचे निम्मे तर कूलरच खाऊन टाकतो. म्हणून ऐकायचं म्हटलं की सरांची पहिली आज्ञा सुटते: "कूलर बंद करा!" मग पंखा. मग रस्त्यावरून डीजेची गाडी जाईल म्हणून खिडक्या. बाहेर पारा चव्वेचाळीसवर. गुरुमंदिरात दर्शनाला म्हणून आलेला पाहुणा मधे बसून घामानं निथळत असतो आणि सर म्हणतात, "आता तानपुऱ्याकडे लक्ष द्या. हा सीडीचा. अन् हा कॉम्प्युटरचा. फरक जाणवला?"

अशा वेळी माणूस काहीही कबूल करतो. शहाणा पाहुणा "पहिला जरा मोकळा वाटला" म्हणून सुटतो. "सारखेच वाटले" म्हणणाऱ्याला सर सगळं पहिल्यापासून ऐकवतात.

ऐकवण्यासाठी बहुतेक वेळा वसंतराव देशपांडे. वसंतरावांचा जन्म १९२०चा, मूर्तिजापूरचा. आणि मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरो गेज गाडी कारंजावरूनच जायची. तेवढ्या आधारावर वसंतरावांच्या आवाजाचा सातबारा आपल्या नावावर आहे अशी सरांची समजूत आहे. एकदा वहिनी चहा ठेवता ठेवता बोलल्या, "मले तं दोन्हीतबी वसंतरावच गाऊन रायले. तुमाले आनखी कोन ऐकू येते?" सर उत्तरले नाहीत. भूमितीच्या मास्तराला पुरावा लागतो, आणि वहिनींच्या बोलण्यात तो होता.

मला विचाराल तर ज्याच्याकडे सीड्यांची कपाटं भरलेली आहेत त्यानं त्या एकदा नीट कॉम्प्युटरवर उतरवाव्यात, प्लेअर चालतोय तोवर चालवावा आणि गाणं ऐकावं. हे मी सरांना बोललो नाही. बोललो असतो तर त्यांच्या हातचं काम गेलं असतं.

गेल्या दिवाळीत मुलानं निकाल लावायचं ठरवलं. बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. वसंतरावांची तीच चीज दोनदा वाजवली. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि निर्णय दिला: "पहिला कॉम्प्युटर. कोरडा आहे. दुसरी सीडी. आवाजात अंग आहे बघ."

"बाबा, दोन्ही वेळा कॉम्प्युटरच होता. प्लेअरचा ट्रे कालपासून उघडतच नाहीये."

शेजारी म्हणून मीही तिथं होतो; मला वाटलं, आता खुर्ची हलणार. सर क्षणभर थांबले. मग वळून शांतपणे म्हणाले, "मग बरोबर आहे. पहिल्या वेळी तो थंड होता. तापल्यावर उघडला. गवयाचा गळा नाही का तापत?"

मुलगा दुसऱ्याच दिवशीच्या गाडीनं पुण्याला गेला. तेव्हापासून सर ऐकण्याआधी अर्धा तास कॉम्प्युटर नुसता चालू ठेवतात.

वहिनींचं गाणं स्वयंपाकघरात चालतं, मोबाइलवर. आवाज पुरत नाही म्हणून त्या मोबाइल स्टीलच्या ग्लासात उभा करतात आणि भाकरी थापता थापता मागे मागे गुणगुणतात. परवा बैठकीतून सरांची हाक आली. आम्हाला वाटलं, आवाज कमी करायला सांगताहेत.

"अगं, स्टील नको! वरचे स्वर चिरकतात त्यात. पितळेत ठेव!"

संध्याकाळपर्यंत घरातला पितळेचा गडवा, तांब्याचा लोटा आणि काशाची वाटी बैठकीत पोचली होती, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवून. "पानी कायनं प्यावं आता?" वहिनी आतून विचारत होत्या. सर ओट्यावरचा माठ न्यायला उठले होते.