परसातील मुंडकार

ज्याने आयुष्यातील उमेदीची वर्षे मामलेदार कचेरीत एक-चौदाचे उतारे पडताळण्यात घालवली, अशा गृहस्थाने निवृत्तीनंतर परसातील पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद धरावा, हे आमच्या पेडण्यातील आप्तेष्टांना वैराग्याचे पूर्वचिन्ह वाटले. वस्तुतः वैराग्याशी ज्याचे इतके हाडवैर असेल असा दुसरा छंद माझ्या तरी पाहण्यात नाही. कारण एरवी आपापल्या ऋतूत सवडीने डोके वर काढणारे लोभ, क्रोध आणि मत्सर हे तिन्ही विकार कॅमेऱ्यामागे दबा धरून बसलेल्या सज्जनाच्या ठायी सकाळच्या पहिल्या उन्हातच एकवटतात.

आमचे परसू म्हणजे एक मानकुराद, दोन फणस, विहिरीकडेचे माड, एक तिरके वाढलेले भिरंडीचे झाड आणि काकीच्या जास्वंदी. सरकार दप्तरी तेथील भाटकार मी. परंतु परक्याच्या भाटात घर करून राहिलेल्यास हुसकावता येऊ नये म्हणून आमच्याकडे १९७५ साली जो मुंडकार कायदा झाला, त्याचा मर्मार्थ मनुष्यांपूर्वी पक्ष्यांनीच ओळखला असावा, अशी माझी खात्री होत चालली आहे. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला, १९६१ साली पोर्तुगीजही गेले, आणि एवढ्या उलथापालथीत आंब्याच्या शेंड्यावरील दयाळाच्या वहिवाटीत काडीचाही फेरफार नोंदला गेला नसावा. मार्च उजाडला की तो पहाटे, कॅमेऱ्याला पुरेल एवढा उजेड पडण्याच्या बराच आधी, शेपटी उभारून गळा मोकळा करतो, आणि ऊन पानांवर उतरते तेव्हा पाठ फिरवून चालता होतो. माझ्या संग्रही दयाळाची जी चित्रे आहेत, त्यांवरून त्या पक्ष्यास चेहरा असतो असे सिद्ध करणे कोणत्याही वकिलास जड जाईल.

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून तोफेएवढी भिंगे खांद्यावर टाकलेले पाहुणे आमच्या रस्त्याने मोले आणि बोंडल्याच्या अरण्यांकडे जाताना दिसतात. त्यांचा हेवा वाटतो, तो भिंगांमुळे नव्हे. अरण्यातील पक्षी मनुष्यास क्वचित पाहतो, म्हणून त्यास निदान कुतूहल तरी असते. परसातला पक्षी आपणांस बनियनवर दात घासताना रोज पाहत आलेला असतो, आणि अशा माणसाविषयी आदर बाळगण्याचे त्यास काहीच कारण उरत नाही.

याला अपवाद एकटा कावळा. तो बोलावल्यावाचून येतो, समोर बसतो, मान तिरकी करून जबानी दिल्याप्रमाणे भिंगात पाहतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यास उपद्रवी ठरवून उंदीर आणि वटवाघळांच्या पंगतीस बसवले होते. ज्याच्या चोचीचा स्पर्श पिंडास व्हावा म्हणून सबंध घराणी भर दुपारी हात जोडून उभी राहतात, त्याची अशी संभावना करणाऱ्या मसुदानवीसास आपले स्वतःचे श्राद्ध कधी व्हायचे आहे याचे विस्मरण झाले असले पाहिजे.

खरी तक्रार मनुष्यांविषयी आहे. जास्वंदीवर शिंजीर येतो तो सकाळी, आणि देवपूजेसाठी काकी जास्वंदी खुडते तीही सकाळीच. चार फुले झाडावर राहू द्यावीत असा विनंतीअर्ज मी तोंडी गुदरला, तेव्हा देवापेक्षा सुकणें मोठे झाले काय, एवढाच शेरा मारून तिने तो निकालात काढला. डिचोली तालुक्यात, मयेला, आमच्या सासुरवाडीच्या कुळागरात फुलांचा असा तंटा नाही. पण तेथे पोफळींखाली भर दुपारीही इतका काळोख असतो की, लालचुटूक कंठाचा तो पिवळा बुलबुल, जो आपल्या राज्याचा राज्यपक्षी आहे, माझ्या चित्रात केवळ एक पिवळट अफवा म्हणून उमटतो.

कित्येक हौशी मंडळी अशा वेळी ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्यास समोर आणतात. पक्ष्यास वाटते, हद्दीत कोणी उपरा घुसला. तो बिचारा पिलांचा घास टाकून धावत येतो. खोटे समन्स काढून एखाद्यास कचेरीत हेलपाटे घालायला लावण्याचा हा प्रकार मला मुळीच मान्य नाही, आणि घरट्यापुढची पाने छाटून आतले चित्र घेणे ही तर परवान्यावाचून केलेली घरझडती. ती संपली की उघड्या पडलेल्या घरट्याचा ताबा घ्यायला कावळा हजर असतो.

शिंजिराने मात्र यंदा आपण होऊन दावा लावला. थंडीत मातकट अंगाने वावरणारा हा नर विणीच्या हंगामात निळाजांभळा झळकू लागतो. ती झळाळी रंगद्रव्याची नव्हे, पिसांच्या सूक्ष्म रचनेवर ऊन कोणत्या कोनातून पडते त्याची. कोन चुकला की नुसता कोळसा. अशा भर तारुण्यात त्यास मागल्या पडवीच्या खांबाला टांगलेल्या माझ्या दाढीच्या आरशात प्रतिवादी सापडला. खिळ्यावर बसावे, खाली वाकून पाहावे, आरशासमोर फडफडत चोचीने टकटक करावी, पुन्हा खिळ्यावर जाऊन बसावे, असा हद्दीचा खटला रोज चालू लागला. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून मी आरशास हात लावला नाही, सबब दाढीही झाली नाही, आणि शेजारून जाणारा प्रत्येक जण कुंपणावरून “मेळ्ळें काय रे सुकणें?” म्हणून चौकशी करी, ती पक्ष्यापेक्षा माझ्या प्रकृतीचीच अधिक असे.

अखेर एक चित्र सर्वांगांनी स्वच्छ आले. कॅमेऱ्याने आपल्या अकलेने आरशाच्या काचेवर न थांबता आतील प्रतिबिंबावर नेम धरला होता: वाढलेले खुंट, मिटलेला डावा डोळा, गुडघ्यावरची चिखलाची लुंगी, सारे केसन् केस स्पष्ट. काकीने चष्मा लावून ते बराच वेळ न्याहाळले.

“खाड वाडलां मरे तुजें,” ती म्हणाली, “आनी हें मुखार काळें कितें लागलां?”