शितावरून शाळेची परीक्षा

गुणपत्रिका फक्त मुलांनाच मिळते, अशी कुणाची समजूत असेल तर ती त्याने पाटीवरून पुसून टाकावी. हल्ली शाळाही परीक्षेला बसतात. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२४ साली, हा पेपर १५० गुणांचा होता. पायाभूत सुविधांना ३३ गुण, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला, म्हणजे पोरांना काय येते याला, ४३. शिकण्यापेक्षा ऐकण्याला ३१ गुण जास्त. वर्गाचा मॉनिटर कसा निवडतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला यात नवल वाटू नये.

त्यावर आता शाळा गुणवत्ता मूल्यांकन आराखडा आला आहे. त्यात १२८ मानके असून शाळेने स्वतःच स्वतःला स्तर द्यायचा आणि सोबत पुरावा जोडायचा. परळ-दादर भागात पुरावा मागण्याचे काम आजवर भोईवाडा कोर्टाकडे होते. ते आता शिक्षण खात्यानेही हाती घेतले आहे. आरोपी मात्र दोन्हीकडे फाइल छातीशी धरून बाकावर बसलेला असतो.

पुराव्यातला सर्वांत गोड पुरावा म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाचे नमुने. कल्पना शहाणपणाची आहे. शितावरून भाताची परीक्षा आपल्या आज्या करतच आल्या. फक्त त्या पळी घालून शीत स्वतः काढत. इथे शीत कोणते दाखवायचे ते भातच ठरवतो.

हे शीत शिजते कसे, ते गिरगावातल्या कुठल्याही चाळीत रात्री अकरानंतर पाहावे. उद्या ‘चांद्रयान’ द्यायचे असते. पप्पा ऑफिसातून येताना अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून चंदेरी कागद घेऊन आलेले असतात. आईने खोक्याला खिडक्या पाडलेल्या असतात. लालबागला मखराचे काम करणारे मामा फोनवरून सल्ला देत असतात, कारण थर्माकोलला २०१८ पासून बंदी असल्याने सगळे पुठ्ठ्यावर तोलायचे असते. ज्याचे यान आहे तो विद्यार्थी जवळ सरकला की तिघेही एका सुरात ओरडतात, “हात लावू नकोस, उद्या शाळेत न्यायचंय!” सकाळी त्या यानाखाली त्याच्या नावाची पट्टी लागते. समिती येते, चष्मा वर करते आणि शेरा मारते, ‘विद्यार्थ्यांमध्ये सर्जनशीलता दिसून आली.’ दिसली खरी, फक्त पिढी चुकली.

उरलेले नमुने कपाटात असतात. प्रत्येक वर्गात मोत्यासारखे अक्षर असलेली दोन-तीन मुले असतात. साहेब येणार म्हटले की त्यांच्या वह्यांना नवी कव्हरे चढतात आणि इतरांच्या वह्या ‘तपासायला घरी नेलेल्या’ असतात. शाळेचा दर्जा हा असा दोन-तीन मुलांच्या मनगटावर उभा असतो. त्यांतल्या एकीला तपासणीच्या दिवशी ताप आला तर शाळा एक स्तर खाली येते.

हा खेळ नवा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात ‘निकालावर अनुदान’ अशी पद्धत होती. इन्स्पेक्टर येऊन पोरे तपासत आणि जितकी पास, तितके पैसे. मग मास्तरांनी पोरे शिकवायची सोडून पास करायची कला साधली. सरकारला हे उमगायला वेळ लागला. १९०४ च्या शैक्षणिक ठरावात या पद्धतीला रजा मिळाली. तेव्हा निदान तपासायला पोर समोर उभे असायचे. आता त्याचा फोटो अपलोड होतो.

आमच्या पाहण्यात मात्र एक खरा नमुना आला. तिसरीतल्या एका मुलीची गणिताची वही. ४०२ मधून १७८ वजा करून तिने ३७६ उत्तर काढले होते. चूक होती, पण चुकीला शिस्त होती: वरचा असो वा खालचा, मोठ्या अंकातून लहान अंक बिनदिक्कत काढला होता. बाईंनी नुसती फुली मारून वही परत दिली नव्हती. समासात शंभराची एक नोट काढली होती, बाण मारून तिच्या दहाच्या दहा नोटा केल्या होत्या आणि खाली लिहिले होते, ‘आधी सुट्टे कर.’ पुढच्या दोन पानांवर चुका होत्या, पण कमी कमी होत गेलेल्या. तिसऱ्या पानावर ५०३ वजा २६७. अंक खोडलेले, वर बारीक अक्षरात बदललेले अंक, आणि उत्तर २३६. बरोबर. शाळा म्हणजे काय, ते त्या चार पानांत होते.

ती वही प्रदर्शनात का नाही, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “खाडाखोड फार आहे हो त्यात!”

तेव्हा समितीच्या साहेबांना विनंती एवढीच, की कपाटाची किल्ली मागू नका. हजेरीपटावर डोळे मिटून बोट ठेवा आणि ज्याचे नाव येईल त्याची जूनची आणि डिसेंबरची पाने शेजारी शेजारी ठेवून वाचा. आणि प्रवेशासाठी शाळा बघत फिरणाऱ्या आईबापांनो, तुम्हाला चकचकीत दालन दाखवले तर हात जोडून म्हणा, “यान नको, खाडाखोड झालेली एखादी वही दाखवा.” दाखवली तर खुशाल नाव घाला. नाहीच दाखवली, तर चंदेरी कागदाची पिशवी आताच शिवून ठेवा. पुढची दहा वर्षे अभ्यास तुम्हालाच करायचा आहे.