खाडा कोणी लिहायचा?

मराठी घरात महिन्याच्या हिशेबाचं एकच साधन असे आणि ते स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेलं असे. जयंत साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढलं ते लोकांना तिथी-वार-सण कळावेत म्हणून. घरोघरच्या बायकांनी मात्र त्याच्या चौकोनांत दुधाचं खातं उघडलं. संकष्टीच्या खाली ‘अर्धा लि. जादा’, गावाला गेलो त्या चार दिवसांवर फुल्या, कोपऱ्यात सिलिंडर लावल्याची तारीख. महिनाअखेरीला दूधवाला वही घेऊन आला, की फुल्या मोजायच्या, खाडे वजा करायचे आणि उरलेले पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवायचे. त्याची वही आणि आपलं कॅलेंडर जुळलं नाही, तर दारातच वाद व्हायचा आणि दारातच मिटायचा.

हल्ली दुधापेक्षा इतर रतीबच जास्त झालेत. सिनेमांचा रतीब, गाण्यांचा रतीब, फोटो ठेवायच्या जागेचा रतीब, अँटिव्हायरसचा, पीडीएफ जोडण्या-तोडण्याचा आणि मन शांत ठेवण्याचाही. सॉफ्टवेअर एकदा विकत आणलं, की संगणक मोडेपर्यंत आपलं, असा एक काळ होता. २०१३ साली ॲडोबीनं जाहीर केलं, की फोटोशॉप आणि त्याच्या भावंडांच्या नव्या आवृत्त्या यापुढे फक्त वर्गणी भरणाऱ्यांनाच मिळतील. तेव्हा पुष्कळांनी बोटं मोडली. मग एकेक करून बाकीचेही त्याच वाटेनं गेले, आणि बोटं मोडणारेही मुकाट्यानं कार्डाचा नंबर टाकू लागले.

रतीब वाढले, की हिशेब आला. हिशेब म्हटला, की माझा भाचा आलाच.

“मामा, ह्याला ॲप असतं. सगळी सबस्क्रिप्शनं एका जागी दिसतात.”

“फुकट आहे?”

“पहिला महिना.”

ह्या ॲपांच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीत सगळं आपण हातानं भरायचं: नाव, रक्कम, तारीख. आयफोनवरचं ‘बॉबी’ ह्या जातीचं. ते कुणाच्या खात्यात डोकावत नाही. पण ज्याला एवढं नेटानं भरता येतं, त्याला ॲपची गरज कितपत आहे, हा प्रश्न उरतोच. दुसरी जात हुशार. ती आपले मेसेज नाहीतर बँकेचं खातंच वाचते आणि कुठून काय कापलं जातंय ते शोधून काढते. अमेरिकेतलं ‘रॉकेट मनी’ ह्यातलंच. २०२२पर्यंत त्याचं नाव ‘ट्रूबिल’ होतं. नको असलेली सबस्क्रिप्शनं ते आपल्या वतीनं रद्दसुद्धा करून देतं. मात्र ही सेवा त्याच्या प्रीमियम सभासदांना मिळते, आणि प्रीमियम म्हणजे वर्गणी. रतीब बंद करणाऱ्याचा रतीब! आपल्याकडे मेसेज वाचणारं ॲप घ्यायचं, तर एवढं लक्षात असू द्यावं, की त्याच मेसेजांत ओटीपी येतो, पगार येतो आणि बँकेतली शिल्लकही. दीडशे रुपयांची गळती शोधायला एवढं सगळं उघडं करायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

बरं, यादी तर तयार झाली. ती वाचताना मोठी मौज वाटते. आपण कोण आहोत ते तिच्यात फारसं नसतं; आपण कोण होणार होतो ते मात्र तारखेसकट असतं. जानेवारीत योगासनं करणार होतो. गणपतीच्या सुट्टीत जर्मन शिकणार होतो. मुलगी कोडिंग करणार होती, तिचे बाबा बुद्धिबळ खेळणार होते आणि आजी ऑनलाइन भजनी मंडळात बसणार होती. सबस्क्रिप्शन विकणाऱ्याला आपल्या आळसाची पर्वा नसते, त्याची सगळी भिस्त आपल्या सदिच्छेवर असते. आळशी माणूस निदान वर्गणी तरी भरत नाही.

आणि ॲप इथेच थांबतं. रक्कम सांगेल, तारीख सांगेल, रंगीत आलेखही काढून दाखवील. पण ‘हे घरात कोण वापरतं?’ हे त्याला विचारता येत नाही. कॅलेंडरवर खाडा लिहिणाऱ्या बाईला आज दूध कोणी प्यायलं नाही, हे ठाऊक असे. म्हणून तो हिशेब खरा होता.

सरकारनं आपल्या परीनं मदत केली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१पासून अशी आपोआप रक्कम कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवावं लागतं. तो मेसेज येतोही, फक्त तो ‘आपल्याला पाच लाखांचं कर्ज मंजूर’ आणि ‘फ्लॅटवर भरघोस सूट’ यांच्यामध्ये येतो आणि त्यांच्याबरोबरच उडवला जातो. यूपीआयवरून अशीच आपोआप वसुली करणारं ‘ऑटोपे’ २०२०च्या जुलैत आलं. त्याचा रकाना एकदा उघडून बघा. प्रत्येक मँडेटसमोर, म्हणजे वसुलीच्या परवानगीसमोर, आपण मान्य केलेली कमाल रक्कम असते आणि मुदत असते. ती मुदत वाचून कधीकधी आपल्याला दीर्घायुष्याचा आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटतं. शेजारीच थांबवायची आणि रद्द करायची सोयही असते.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ला ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. त्यांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ आहे: आत यायला एक बटण, बाहेर पडायला भुलभुलैया. नियम आला तरी निरोपाचे सोहळे काही ठिकाणी चालूच आहेत. ‘खरंच जाताय?’, ‘कारण सांगा’, ‘निम्म्या किमतीत राहता का?’ एवढं अगत्य सासुरवाडीतही होत नाही. काही जण ह्या सोहळ्याला कंटाळून ॲपच फोनवरून काढून टाकतात. त्यानं फक्त चिन्ह जातं, वसुली चालूच राहते.

तेव्हा माझं मत असं, की ह्या कामासाठी वेगळं ॲप घेऊ नये. महिन्यातून एकदा प्ले स्टोअरमधली सबस्क्रिप्शनची यादी, यूपीआयचा ऑटोपे रकाना आणि बँकेच्या साइटवर कार्डाची मँडेट्स एवढं उघडून बघावं. तिन्ही फुकट आहेत. फुकट चाचणी घेतलीत, तर ती घेतल्या दिवशीच रद्द करून ठेवावी; प्ले स्टोअरवर बहुतेक वेळा मुदत संपेपर्यंत ती चालूच राहते. आणि यादीतलं एकेक नाव जेवताना मोठ्यानं वाचून ‘हे कोण वापरतं?’ असं विचारावं. कुणी मान वर केली नाही, तर हात धुतल्याबरोबर ते रद्द करा. ‘उद्या बघू’ म्हणालात, तर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच म्हणून समजा.