विरार फास्टचा धावपटू

पावसाळा ओसरला की वसई-विरारच्या रस्त्यांवर दोन गोष्टी हमखास दिसू लागतात: खड्ड्यांवर टाकलेली खडी आणि डिसेंबरवीर. डिसेंबरवीर म्हणजे चाळिशी ओलांडलेला, रोज चर्चगेटच्या दिशेनं नोकरीला जाणारा गृहस्थ. डॉक्टरांनी ‘वजन जरा कमी करा’ असं सांगितल्यावर त्यानं ‘जरा’ एवढा एकच शब्द सोडून बाकी सल्ला मनावर घेतलेला असतो. २०११ पासून इथे महापालिकेची मॅरेथॉन होऊ लागली आणि बहुतेक वर्षी ती डिसेंबरच्या सुमारास येते, त्यामुळे याचं व्यायामाचं वर्ष दसऱ्याला सुरू होऊन नाताळाला संपतं. दसऱ्याला बुटांची पूजा होते. पहिल्या आठवड्यात राजोडीचा किनारा, दुसऱ्यात थेट अर्नाळा, आणि तिसऱ्या रविवारी जीवदानी देवीच्या गडाच्या हजाराहून अधिक पायऱ्या न थांबता. बाकीचे लोक देवीचं नाव घेत चढतात, हा मनगटावरच्या घड्याळातले ठोके मोजत चढतो. चढताना फक्त दम लागतो, पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात येतं. तेव्हा मंगळवारी सकाळी विरार स्टेशनच्या जिन्यावर कठड्याला धरून आडवी पावलं टाकणारा माणूस दिसला, तर त्याच्याविषयी भलता संशय घेऊ नये. परवा तो गड चढून आलेला असतो.

या माणसाला आळशी म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचा दोष घाईचा आहे, आणि ती घाई त्याला लोकलनं शिकवली आहे. जागा हवी असेल तर गाडी थांबायच्या आत चढायचं, नाहीतर एखाद-दुसरं स्टेशन उलट्या दिशेनं ‘डाऊन’ करून यायचं, हे ज्याच्या हाडीमाशी खिळलं आहे, त्याला कुठलीही गोष्ट शांतपणे, दररोज थोडी थोडी, धक्का न मारता मिळू शकते यावर विश्वासच बसत नाही. वजनही तो विरार फास्ट पकडावी तसं पकडायला जातो. वर्षानुवर्षं बोरिवली, भाईंदर, नायगाव अशी एकेका स्टेशनावर थांबत आलेली चरबी परत मात्र फास्टनं जावी अशी त्याची अपेक्षा असते. माझं म्हणणं एवढंच, की त्याचं वजन कमी न होण्याचं मुख्य कारण त्याचा अतिव्यायाम हेच आहे.

आधी हिशेब बघू. धावताना माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ऐंशी किलोचा डिसेंबरवीर पाच किलोमीटर धावला तर चारशेच्या आसपास. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलऱ्या असतात, तेव्हा खाणं तसूभरही न वाढवता तो असा एकोणीस-वीस वेळा धावला तर एक किलो उतरेल. अख्खी ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन पार केली, तरी चरबी अर्धा किलोसुद्धा जळत नाही. मग शर्यतीनंतर काट्यावर दोन किलो कमी दिसतात ते काय? ते बरंचसं पाणी. घाम तर जातोच, शिवाय स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं, ती साखर वापरली की तेही जातं. अर्नाळ्याहून परतताना वाटेत आगाशी लागते, आणि आगाशीत भुजिंग मिळतं. ‘आज बारा झालेत, आज चालतं’ असं म्हणत तो भुजिंगातल्या कोंबडी-पोह्यांनी साखर आणि पाणी यांची एकाच बैठकीत परतफेड करून टाकतो.

पण खरी वसुली घरी होते. रविवारी पंधरा किलोमीटर मारून आलेला डिसेंबरवीर सोफ्यावर आडवा होतो तो सोमवारीच उभा राहतो. ‘अहो, सिलिंडर तेवढा आत घ्या’ असं बायको म्हणाली, तर ‘आज रिकव्हरी आहे’ असं उत्तर येतं. सिलिंडर मग तीच आत घेते. तिच्या हातात घड्याळ नसल्यामुळे हा व्यायाम कुठेच नोंदला जात नाही. एरवी स्टेशनपर्यंत चालत जाणारा हा माणूस ‘पायांना आराम’ म्हणून शेअर रिक्षा धरतो. शरीराचा हिशेबही असाच चालतो. टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर पायपीट करणारी ही माणसं शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यास अमेरिकेतल्या खुर्चीवाल्यांएवढ्याच कॅलऱ्या खर्च करतात, असं त्यात आढळलं. एकीकडे उधळलं की शरीर दुसरीकडे हात आखडतं. उधळपट्टी सोसेनाशी झाली की ते बोलून दाखवतं: सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा जलद, झोप तुटक, सर्दी हटत नाही, आणि घरच्यांवर विनाकारण खेकसणं. हे शेवटचं लक्षण बायकोला घड्याळाच्या आधी कळतं.

मग व्यायाम सोडून द्यायचा का, असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. उत्तरासाठी लांब जायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. आपण मंडळी काट्यावर सडसडीत असतो, आतून नसतो. म्हणून व्यायाम हवा तो स्नायू टिकवण्यासाठी, साखर ताब्यात राहावी यासाठी, आणि उतरलेलं वजन परत चढू नये यासाठी. वजन उतरवण्याचं मुख्य काम ताटानं करायचं असतं. डिसेंबरवीर नेमकं उलटं करतो: आठवडाभर काकडी खाऊन धावतो, तेव्हा चरबीबरोबर स्नायूही गमावतो, आणि जानेवारीत वजन परत येतं तेव्हा चरबी आधी येते. आयुर्वेदाचार्य वाग्भटानंही ‘अष्टांगहृदया’त व्यायाम अर्ध्या शक्तीनं करावा असं सांगितलं आहे, तेही बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्यांनी, थंडीत आणि वसंतात, इतर ऋतूंत आणखी कमी. अति केल्यास तहान, क्षय, खोकला, ताप आणि ओकारी अशी यादीही त्यानं दिली आहे. राजोडीच्या किनाऱ्यावर त्यातली निदान दोन लक्षणं दर रविवारी बघायला मिळतात.

दुसरा आक्षेप वेळेचा. पहाटे घर सोडणाऱ्यानं आणि चर्चगेटहून साठ किलोमीटर लटकत परतणाऱ्यानं व्यायाम करायचा कधी? रविवारी सगळा उरकला तर काय बिघडलं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. एका दमात निदान दहा मिनिटं हवीत, ही जुनी अट त्यात काढून टाकली आहे. म्हणजे घर ते स्टेशन चालणं धरलं जातं, दादर स्टेशनचा पूल धरला जातो, सिलिंडरही धरला जातो. मध्यम श्रम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत. आणि दादरच्या पुलावर गावंसं कुणालाच वाटत नाही. बैठका आणि भिंतीला हात टेकून काढलेले जोर यांना जिमची वर्गणी लागत नाही.

तिसरं म्हणणं मला सगळ्यांत पटतं: शर्यत डोळ्यांपुढे नसेल तर माणूस पहाटे उठतच नाही. खरं आहे. या मॅरेथॉननं कित्येकांना पलंगावरून उठवलं, आणि शर्यतीत पुढे असणारे अनेक वर्षांच्या सरावानं तिथे पोचतात. तिला बोल लावण्याचं कारण नाही. फक्त नाव नोंदवताना लहान अंतर निवडावं, अंतर हळूहळू वाढवावं, रक्तदाब किंवा साखर असेल तर आधी तपासणी करून घ्यावी, आणि छातीत दुखलं किंवा खूप धावल्यावर लघवी गडद तपकिरी झाली तर घड्याळ काढून ठेवून तडक डॉक्टर गाठावा. त्या गडद रंगाचा अर्थ स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार येतोय असा असू शकतो, आणि तिथे लिंबूपाणी पुरत नाही.

तेव्हा येत्या रविवारी तुमच्या इमारतीतला डिसेंबरवीर घामानं निथळत लिफ्टमध्ये भेटला (पहिल्या मजल्यावर राहतो, पण लिफ्टनंच जातो), तर ‘आज किती झाले?’ असं कृपा करून विचारू नका. तो पुढच्या रविवारी दोन किलोमीटर वाढवेल. कंबर किती, ते विचारा. भारतीय पुरुषासाठी धोक्याची रेषा ९० सेंटिमीटर आहे, बाईसाठी ८०, आणि कंबर मोजायची टेप शिलाई मशीनच्या खणात असते.